काजळ्याची चिठ्ठी

कपाटात सहा ट्रे होते आणि सहा ट्रेंवर मिळून एकेचाळीस कापडी पिशव्या. चाळीस पिशव्यांतल्या भातवाणांचं राखीव बियाणं मागच्या शीतगृहात होतं. एकेचाळिसाव्या वाणाचं त्या पिशवीबाहेर कुठंच काही नव्हतं. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर, उजवीकडच्या यादीत, नऊ साधनं दिसत होती. सात नुसती वाचणारी, दोन लिहिणारी. मी ती दोनदा मोजली.

"झालं का लगीन?" सातापाअण्णांनी दारातून विचारलं.

"कुणाचं?"

"कपाटाचं आन् तुझ्या कॉम्प्युटरचं. सकाळधरनं वायरी जोडायलीस."

"झालं, अण्णा. आता कपाट स्वतःच सांगेल तापमान किती, ओल किती. तुम्हाला दिवसातनं सहा वेळा येऊन वहीत लिहायला नको."

"मग मी काय करू? पत्त्यं खेळू?"

आजऱ्याच्या पुढं आंबोलीच्या रस्त्यावर आमचं बीज केंद्र होतं. जुन्या भातांचं बी गोळा करायचं, वाळवायचं, थंडीत ठेवायचं, काही वर्षांनी पुन्हा पेरून ताजं करायचं, एवढंच काम. मॅडम, म्हणजे डॉ. केसरकर, केंद्र चालवत. सातापा गुरव तिथं एकवीस वर्षं होते. मी प्रणाली मगदूम, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., तिथं येऊन पाच महिने झाले होते. प्रोग्रॅमिंग मी माझं मीच शिकले होते, आणि मॅडमना ते कळल्यापासून थंड, कोरड्या हवेत बी वाळवणाऱ्या कपाटाचे आलेख काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. निधी देणाऱ्या संस्थेला दर तासाचे आकडे हवे होते.

मी ज्या एडिटरमध्ये प्रोग्रॅम लिहीत असे त्यात एआय सहायक होता. सांगितलं की तो कोड लिहून द्यायचा, चुका शोधायचा. पण तो एडिटरच्या आतच बसलेला. बाहेरचं कपाट त्याला दिसायचं नाही. त्यासाठी मध्ये एक टूल सर्व्हर लागतो. तो एक लहानसा प्रोग्रॅमच असतो. एका बाजूनं तो कपाटाच्या नियंत्रकाशी बोलतो, दुसऱ्या बाजूनं सहायकाला सांगतो की तुला अमुक अमुक करता येईल. असा एक सर्व्हर कुणीतरी नेटवर फुकट ठेवला होता. तो मी त्या दिवशी सकाळी जोडला होता. सात साधनं तापमान, आर्द्रता, दाराची स्थिती असलं वाचायची. उरलेली दोन म्हणजे भोंगा बंद-चालू करणं आणि कपाटानं किती तापमान राखायचं तो आकडा, म्हणजे सेट-पॉइंट, बदलणं. ती दोन बंद ठेवायला यादीत प्रत्येकासमोर एक खूण होती, ती पुसली की झालं. आलेखाला ती लागत नव्हती. पण सगळं चालतंय का ते एकदा पाहावं असं मला वाटलं.

सहायक प्रत्येक साधन वापरण्याआधी परवानगी विचारायचा. तापमान वाचू का? वाच. आर्द्रता वाचू का? वाच. चाचणीत भोंगा सारखा कोकलू नये म्हणून बंद करू का? मीच सांगितलं होतं, कर. चौदाव्या वेळी मी 'सगळ्या साधनांना नेहमी परवानगी' दाबलं.

मग त्याला पूर्ण प्रोग्रॅमची सूचना लिहिली. दर मिनिटाला वाच, फाइलमध्ये साठव, आलेख काढ. शेवटची ओळ मला आजही तोंडपाठ आहे: 'चाचणी झाल्यावर कपाटाचा सेट-पॉइंट १५० वरच आहे याची खात्री कर, नसेल तर तसा कर.' मला ती ओळ खबरदारीची वाटली होती. बारा अडतीस झाले होते.

"चल जेवायला," अण्णा म्हणाले. "तुझा तो बिनपगारी माणूस करंल काम."

जेवण पाऊण तास चाललं. अण्णांच्या घरून आंबोळ्या आल्या होत्या आणि त्यांनी त्या मला मोजून वाढल्या, कारण मी सगळंच मोजते असं त्यांचं म्हणणं. नंतर खळ्यावर शेवटच्या लोंब्या उरल्या होत्या. त्या झोडून, पाखडून आम्ही परतलो. व्हरांड्यातच अण्णा थांबले. नाक वर केलं.

"कुणी भात भाजतंय काय गं?"

वास मलाही आला. गोडसर, भाजणी करताना येतो तसा. मी आत धावले. कपाटाच्या दर्शनी पाटीवर लाल आकडा होता: ५२४.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या पाटीवरचा दशांशाचा ठिपका मी येण्याच्या कितीतरी आधी जळाला होता. पंधरा अंश तिथं १५० असे दिसत. अण्णा वहीत १५० लिहीत, तोंडानं 'दीडशे' म्हणत, मॅडमही 'दीडशेवर आहे ना' असंच विचारत, आणि केंद्रात कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. महिन्याभरात मलाही वाटेनासं झालं. दिवसातून सहा वेळा मी दीडशे म्हणत होते. सूचनेत तेच लिहिलं.

५२४ म्हणजे बावन्न पूर्णांक चार दशांश अंश. बियाण्याचं भात चाळीसच्या वर तापवायचं नसतं. ओलसर असेल तर त्याच्याही आधीच थांबायचं.

"दार उघड! दार उघड आधी!" अण्णा ओरडले. त्यांनी मुख्य बटण खाली ओढलं, मी दोन्ही दारं उघडली आणि गरम हवा तोंडावर आली. आम्ही ट्रे एकेक करून बाहेर काढले आणि व्हरांड्यातल्या फरशीवर, सावलीत, ओळीनं मांडले. तळचा ट्रे हीटरच्या अगदी वर असतो. तो अण्णांनी सदऱ्याच्या टोकानं धरून आणला. एकेचाळिसावी पिशवी त्यावर होती.

मी लॅपटॉपपाशी गेले. सहायकानं काम चोख केलं होतं. पडद्यावर शेवटी हे होतं: '१२.४१. सेट-पॉइंट १५.० आढळला. सूचनेनुसार अपेक्षित १५०. बदलला. नियंत्रकाने कमाल मर्यादेमुळे ६०.० स्वीकारला. कृपया तपासा.'

बारा एक्केचाळीसला आम्ही डबा उघडत होतो. आता दोन सोळा झाले होते. एक तास पस्तीस मिनिटं. आलेखही तयार होता आणि सुंदर आला होता: सुरुवातीला एक छोटी सरळ रेघ, मग एक चढ.

"काय म्हणतोय?" अण्णांनी मागून विचारलं.

"मीच सांगितलं त्याला. दीडशे कर म्हणून. त्यानं दीडशे केलं."

"दीडशेच असतंय की."

"खरं दीडशे, अण्णा. ठिपका नसलेलं."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीत बसले.

एकेचाळिसावी पिशवी काजळ्याची होती. काळ्या कुसळांचं, उंच वाढणारं भात. आमच्या भागात ते एकाच घरात उरलं होतं, हौसाक्का रेडेकरांच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांनी किलोभर बी केंद्राला दिलं तेव्हा शंभरातले ब्याण्णव दाणे उगवले होते. वर्षभर शीतगृहात राहिल्यावर शंभरातले अकरा. इतकं झपाट्यानं पडलेलं दुसरं वाण केंद्रात नव्हतं. मॅडमनी सूचीत त्याच्यापुढं लिहिलं: 'अल्पायुषी, साठवणुकीस अयोग्य.' हौसाक्कांनाही तसंच सांगितलं. त्यानंतर त्यांच्या मुलांनी शेतातून काजळ्या काढला आणि ऊस लावला. ज्याचं बी टिकत नाही ते कशाला जपायचं? हौसाक्का मात्र दर बाजारच्या दिवशी केंद्रात येऊन बसायच्या. शेवटी त्यांच्या आग्रहानं मॅडमनी उरलेलं सगळं बी त्या जूनमध्ये पेरायला काढलं. सतरा रोपं जगली. त्यांचं पीक म्हणजे ही पिशवी, चारशे बारा ग्रॅम.

आणि मॅडमनी अट घातली होती. माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या, "प्रणाली, ही शेवटची संधी. चाचणीत पंच्याऐंशीच्या खाली आलं तर काजळ्या यादीतून बाद. दरवर्षी एकाच वाणामागं धावायला माझ्याकडं माणसं नाहीत."

चाचणी पुढच्या सोमवारी लावायची होती.

फोन वाजला. मॅडमच होत्या. कोल्हापूरला बैठकीला गेल्या होत्या.

"निघालेय मी. पाचपर्यंत पोचते. आलेख झाले का गं?"

"झाले, मॅडम."

"वा. कपाट ठीक?"

पाटी विझलेली होती. "हो," मी म्हणाले.

मी फोन ठेवला. अण्णा माझ्याकडं बघत होते.

"लाइट गेली हुती म्हणून लिही," ते म्हणाले.

"काय?"

"चिठ्ठीवर. वीज खंडित, दीड तास. लाइट आल्यावर यंत्र येड्यागत वागलं. हुतं की असं. गावात दिवसातनं चारदा जातीया लाइट. कोण इचारनार?"

"लॅपटॉपवर नोंद आहे."

"मग ती पूस. तुझाच हाय न्हवं लॅपटॉप?"

माझाच होता. फाइल एक, कळ एक. सहायकाच्या बोलण्याची खिडकीही मिटवता आली असती. मॅडमना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. माझी सहा महिन्यांची प्रोबेशनची मुदत जानेवारीत संपणार होती, आणि गडहिंग्लजला घरी मी सांगून टाकलं होतं की नोकरी पक्की होणार.

"बाळ," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "तुला मी लेकीगत मानतोय. पाच म्हैन्यात तुझं नाव खराब करून घिऊ नगस. काजळ्याचं काय? ते तसंबी टिकत न्हाईच. पुस्तकात लिवलंय."

आमच्या केंद्रात प्रत्येक पिशवीला चिठ्ठी असते. त्या बियाण्याला जे काही झालं ते तिच्यावर लिहायचं: कुठल्या दिवशी आलं, कधी वाळवलं, कधी बाहेर काढलं, कधी सील बदललं. ज्यानं केलं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं, खाली आद्याक्षरं घालायची. बी पुन्हा पेरून नवी पिशवी झाली तरी जुनी चिठ्ठी फेकायची नाही. नव्या चिठ्ठीच्या मागं टाचून ठेवायची.

मी पेन घेऊन फरशीवर बसले. एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. सुरुवात काजळ्यापासून केली, कारण तीच लिहायची भीती वाटत होती. 'वीज खं' इतकं लिहिलं. पुढं वेळ कशी लिहायची, मिनिटांत की तासांत, याची केंद्रातली रीत मला माहीत नव्हती. आधीची एखादी नोंद पाहावी म्हणून मी मागची जुनी चिठ्ठी उलटली.

तिथं होती. पहिली चाचणी ब्याण्णव, त्याखाली: 'वीज खंडित, ६ तास. सील बदलले. — सा. गु.' चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची तारीख. त्याच्या खालची ओळ चाचणीची: अकरा.

सहा तास मला कमी वाटले. शीतगृहाच्या भिंती जाड आहेत. वीज गेली तर आतला पारा सहा तासांत तीन-चार अंश चढतो. तेवढ्यानं ब्याण्णवाचे अकरा होत नाहीत. मी उठले, शीतगृहात गेले आणि काजळ्याच्या जुन्या जागेशेजारच्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. उजवीकडच्या दहा. डावीकडच्या दहा. मग वरच्या फळीवरच्या दहा. त्या तारखेला कशावरही काहीही लिहिलेलं नव्हतं.

बाहेर आले. अण्णा पिशव्यांवर हात ठेवून कोमट आहेत का ते बघत होते.

"अण्णा, त्या मे महिन्यात वीज फक्त काजळ्याचीच गेली होती का?"

त्यांनी हात काढला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

"कशी जाईल एकट्याची?" मी म्हणाले. "तीस चिठ्ठ्या बघितल्या. एकीवरही नाही."

"तू लई मोजतीस बघ," ते म्हणाले.

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

"सुट्टीतलं प्रदर्शन हुतं शाळंत," अण्णा म्हणाले. "मॅडम म्हनल्या, काळ्या कुसळाचं दाव पोरास्नी. न्हेली पिशवी. येताना जीपच्या मागं टाकली, बारदानाखाली. दुसऱ्या दिवशी पोरगीचं लगीन हुतं माझ्या. इसरलो. अकरा दिवसांनी सापडली. मे म्हैना. जीप उन्हात. आतल्या पत्र्याला हात लावता येत न्हवता."

"आणि परत ठेवली."

"ठेवली. सील फुटलं हुतं म्हणताना कायतरी लिवाय पायजे. लिवलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, एक पिशवी. उगवंल थोडी कमी. वर्सानं अकरा आलं आन् मॅडम म्हनल्या, सातापा, ह्या वाणाचा सोभावच असा हाय. त्यांनी तसं छापलं. आता छापल्यावर मी काय बोलू?"

"हौसाक्कांना?"

"त्यांच्या तोंडाकडं बघतो का मी कवा? त्या आल्या की मी मागं जातो न्हवं."

ते खरं होतं. मला वाटायचं ते त्यांच्या गप्पांना कंटाळतात.

मी 'वीज खं' खोडलं. केंद्राच्या रीतीनं, एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. आणि पुढं लिहिलं: 'चुकीच्या सूचनेमुळे कपाट तापले. तळचा ट्रे. १२.४१ ते १४.१६. कमाल ५२.४ अंश. सूचना माझी. — प्र. म.'

"हे लिहून तू माझंबी उघडं पाडतीस," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती.

"तुमच्या ओळीला मी हात लावलेला नाही."

"दोन येगवेगळ्या ओळी एकाखाली एक आल्या की मॅडम इचारत्यात का न्हाई?"

विचारतील हे मलाही कळत होतं, पण पुढच्या चाळीस चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. तेवीस झाल्या तेव्हा फाटक वाजलं.

हौसाक्का. हातात बाजाराची पिशवी, त्यातून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. सत्तरी उलटलेली बाई, पण चढ एका दमात चढून यायच्या.

"आगं, आज काय वाळवणं घातलीस व्हय व्हरांड्यात? कुरडया हैत का काय?" त्या हसत आल्या, आणि मग वास आला त्यांना. थांबल्या. "माझा कुठला यातला?"

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावली.

"कोमट हाय."

"आक्का, माझी चूक झाली. मी कपाटाला चुकीचा आकडा दिला. ते दीड तास तापलं. बावन्न अंशापर्यंत."

"बावन्न म्हंजे? चुलीवानी?"

"चुलीइतकं नाही. पण मे महिन्यातल्या उन्हापेक्षा जास्त."

"म्हंजे भाजलंस," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही. चाचणी लावल्यावर चौदा दिवसांनी कळेल."

त्या पायरीवर बसल्या. पिशवी मांडीवर. "थोरला काय म्हनतोय ठावं हाय? आये, तुझा काजळ्या तुझ्यागत, चार दीस बी दम काढत न्हाई. सून हसती. चार वर्सं ऐकतीया मी. म्हनलं ह्या टायमाला पिशवीभर बी न्हेऊन दावते. आन् तू भाजून ठेवलंस, पोरी."

तेवढ्यात अण्णा उठून पायरीपाशी आले. पाच महिन्यांत त्यांना मी हौसाक्कांच्या इतक्या जवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"आक्का, हिनं न्हाई. म्हंजे आजचं हिनं. पयलं मी."

"काय पयलं?"

त्यांनी सांगितलं. शाळा, जीप, बारदान, अकरा दिवस. मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात, आणि लग्नाचं कारण या वेळी सांगितलं नाही.

हौसाक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे माझं बी दुबळं न्हवतं?"

"ते मला कळत न्हाई, आक्का. पर अकरा दीस उन्हात कुनाचंबी मेलं असतं."

"चार वर्सं माझा ल्योक मला येडी म्हनतोय, सातापा. रान ऊसाला दिलं त्यानं. आन् तू मागल्या दारानं जात हुतास."

"व्हय."

"तुझ्या लेकीच्या लग्नात मी ह्याच भाताचा भात जेवले हुते. मीच दिल्तं चार पायली." त्यांनी कोथिंबीर पिशवीत नीट कोंबली, पुन्हा बाहेर काढली. "जा, पानी आन जरा."

अण्णा पाणी आणायला गेले. पुढच्या दारानं.

मॅडम पाचला दहा मिनिटं कमी असताना आल्या. व्हरांड्यातले ट्रे, उघडं कपाट आणि पायरीवर बसलेल्या हौसाक्का बघून त्यांनी पर्स खाली न ठेवताच विचारलं, "काय झालंय?"

मी सांगितलं. फोनवर 'हो' म्हणाले ते खोटं होतं, इथून सुरुवात केली. लॅपटॉप उघडून सहायकाची ओळ दाखवली, आलेख दाखवला, साधनांची यादी दाखवली.

"नऊपैकी तुला किती लागत होती?"

"सात."

"आणि दोन?"

"बंद करता येत होती. केली नाहीत."

"आणि त्यानं 'कृपया तपासा' म्हटलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"जेवत होते."

"कपाटात बी असताना चाचणी केलीस. रिकामं कपाट बुधवारी मिळणार होतं, प्रणाली. परवा." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी काजळ्याची पिशवी उचलली, चिठ्ठी वाचली, आणि अण्णा म्हणाले होते तसंच झालं. मागची चिठ्ठी उलटली. दोन्ही ओळी आळीपाळीनं वाचल्या.

"सातापा, ही सहा तासांची वीज कुठली?"

अण्णांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मॅडम उभ्याच होत्या. मध्येच त्यांनी चष्मा काढला.

"अल्पायुषी असं मी छापलंय," त्या म्हणाल्या. "त्यावर परिषदेत निबंध वाचलाय मी. तीन केंद्रांनी माझ्या शब्दावर हे वाण गोळा करायचं सोडून दिलं."

"व्हय, मॅडम."

"तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी फार तर चार शिव्या दिल्या असत्या."

"त्येच म्हनतोय न्हवं. चार शिव्यांस्नी भ्यालो."

हौसाक्का पायरीवरून म्हणाल्या, "भांडन मागनं करा. आता हे उगवतंय का न्हाई, ते कवा कळनार तेवढं सांगा."

मॅडमनी चष्मा लावला. अण्णांकडं पेन दिलं आणि जुनी चिठ्ठी पुढं केली. अण्णांनी 'वीज खंडित, ६ तास' यावर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, जीपचे अकरा दिवस लिहिले. तारीख आजची घातली. मग मॅडम माझ्याकडं वळल्या.

"सोमवारची वाट बघायची नाही. आत्ता लाव. काजळ्याच नाही, सगळ्या एकेचाळीस. सगळ्या एकाच कपाटात, एकाच वेळी तापल्यात. अशी चाचणी मुद्दाम कुणी मला करू दिली नसती, कुठलं वाण किती तग धरतं ते शेजारीशेजारी दिसेल." आता कुठं त्यांनी पर्स खाली ठेवली. "तुझं काय करायचं ते मी चौदा दिवसांनी ठरवीन. ती दोन साधनं आधी बंद कर."

मी त्यांच्यासमोर दोन खुणा पुसल्या. यादीत सात उरली.

रात्री उशिरापर्यंत आम्ही चौघांनी दाणे मोजले. दर पिशवीतून दोनशे, ओल्या कागदावर ओळीनं मांडून गुंडाळी करायची, वर पेन्सिलीनं क्रमांक लिहायचा. हौसाक्कांना मोजताना दहाच्या पुढं बोटं लागायची, पण त्यांची एकही ओळ चुकली नाही. अण्णांच्या दोन चुकल्या. त्यांनी त्या स्वतःहून सांगितल्या.

ते चौदा दिवस मी नीट झोपले नाही. पाचव्या दिवशी मधली पाहणी असते. ती मॅडमनी एकट्यांनीच केली आणि आम्हाला काही सांगितलं नाही. मी रोज सकाळी आधी कपाटाच्या पाटीसमोर उभी राहायचे आणि मग काचेच्या तापमापकाकडं बघून आकडा वहीत लिहायचे, ठिपक्यासकट. अण्णा आता 'पंधरा' म्हणायला लागले होते. दोनदा तोंडातून 'दीड' निघालं आणि त्यांनी जीभ चावली. लॅपटॉप मी उघडला तो फक्त आलेखांसाठी. आलेखातला तो चढ मी पुसला नाही. संस्थेला गेलेल्या अहवालात तो तसाच गेला, खाली माझ्या नावाची तळटीप होती.

चौदाव्या दिवशी हौसाक्का बाजाराची पिशवी न घेताच आल्या. सोबत थोरल्या मुलाला आणलं होतं. तो मोटरसायकलवर बसूनच फाटकाशी थांबला, आत आला नाही. मॅडमनी गुंडाळ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "आधी चाळीस. काजळ्या शेवटी."

मी उलगडायचे, अण्णा मोजायचे, मॅडम पुन्हा मोजायच्या, मग आकडा लिहायचा. दोन तास वीस मिनिटं लागली. काही गुंडाळ्यांत दाणे मऊ पडून बुरशी आली होती. एका वाणाचे दोनशेतले फक्त त्रेचाळीस उगवले होते. एकोणचाळिसाव्या गुंडाळीच्या वेळी फाटकाशी मोटरसायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं हौसाक्कांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही, तोही बसला नाही.

शेवटची गुंडाळी मॅडमनी हौसाक्कांपुढं सरकवली. "तुम्ही उलगडा."

त्यांनी उलगडली. अण्णांनी मोजलं. मॅडमनी मोजलं. मग मी मोजलं.

चाळीस वाण, सरासरी: शंभरात अठ्ठावन्न.

काजळ्या, हीटरवरचा तळचा ट्रे: शंभरात एक्क्याऐंशी.